माटोळीची उंची: फोंड्यात बसून पुण्याशी व्हीआरमधून काम कसे करावे

मी फोंड्यात राहते आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचे नकाशे करते. आमचा स्ट्रक्चरल इंजिनियर पुण्यात आहे, लाकूडकाम बघणारा सावंतवाडीला. तिघांकडे व्हीआर हेडसेट आहेत, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आभासी खोलीत उभे करणारा मोठा चष्मा, पण रोज नाही घालत. हिशेब, तारखा, मालाची ऑर्डर हे सगळे फोनवर होते. ज्याला उंची-रुंदी आहे, जिथे माणूस उभा राहणार आहे, तेवढ्यासाठीच व्हीआर काढायचे.

म्हार्दोळजवळच्या एका घरात देवाच्या खोलीचे छप्पर बदलायचे होते. इंजिनियरने आधाराची आडवी तुळई साडेसात फुटांवर घेतली. ड्रॉइंग तिघांनी पाहिले, कुणाला काही खटकले नाही. घराचे त्रिमितीय मॉडेल व्हीआरमध्ये खऱ्या मापात उघडून मी त्या खोलीत उभी राहिले आणि पोटात धस्स झाले. चतुर्थीला चौरंगावर गणपती बसला की वर माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायची, तिला सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे लोंबणार, ते थेट मुकुटाला टेकले असते. माटोळी म्हणजे काय हे त्या पुणेकराला मी फोनवर दोनदा सांगितले होते. व्हीआरमध्ये नुसता हात वर धरून म्हटले, "एवढी खाली येते." तो शेजारी येऊन उभा राहिला, वर बघितले, आणि दुसऱ्या दिवशी तुळई वर सरकवलेले ड्रॉइंग आले.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ मॉडेलला द्या. हेडसेटचा प्रोसेसर फोनसारखा असतो, कॉम्प्युटरवर सहज फिरणारे मॉडेल तिथे अडखळते. मी सुरुवातीला मंगळुरी कौल न् कौल वेगळे काढायचे. मान वळवली की चित्र उशिराने यायचे आणि मळमळायचे. आता छपराला एकच पृष्ठभाग आणि त्यावर कौलांचा फोटो. चर्चेची खोली ठेवायची, बाकीचे घर काढून टाकायचे. मग जीएलबी फाइल (त्रिमितीय मॉडेल साठवायचा एक प्रकार) करायची आणि दाराची उंची आत जाऊन एकदा तपासायची, कारण एकक चुकले तर दार बाहुलीच्या घराचे होते.

मळमळीचे दुसरे कारण चालणे. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही. म्हणून हातातल्या कंट्रोलरच्या काठीने (जॉयस्टिकने) सरकत जाऊ नका, कंट्रोलरने जागा दाखवून थेट तिथे उडी घ्या. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ हेडसेटवर भिंगांमधले अंतर चाक फिरवून ५८ ते ७१ मिमी करता येते. ते आपल्या डोळ्यांप्रमाणे लावा, नाहीतर डोके दुखते. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरे. आम्ही स्वतः पंचविसाच्या पुढे जात नाही, अर्धा किलोचे वजन नाकावर असते.

आत गेल्यावर आवाज दिशेने येतो, डावीकडे उभा असलेला डावीकडूनच बोलतो. त्यामुळे "कोण बोलतंय?" विचारावे लागत नाही. पण चेहऱ्यावरची शंका अवताराला, म्हणजे आत आपल्या जागी दिसणाऱ्या आकृतीला, नीट दाखवता येत नाही. म्हणून प्रत्येक मुद्द्यावर मी नाव घेऊन विचारते. सावंतवाडीचा आमचा सुतार वयाने मोठा आहे, पटले नाही तरी गप्प राहायचा. "दादा, हा सांधा तुम्ही कसा केला असता?" असे विचारल्यापासून तो मोकळेपणी बोलतो.

पावसाळ्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, पण खोलीतला दिवा गेला तर हेडसेटचे कॅमेरे आंधळे होतात आणि तुमची जागा हरवते. तो दिवाही इन्व्हर्टरवर घ्या. उजेड हवा, पण ऊन नको: हेडसेट खिडकीत ठेवलात तर भिंगातून एकवटलेले ऊन आतला पडदा जाळते. काम झाल्यावर हेडसेटची चेहऱ्याला टेकणारी घामेजलेली गादी काढून पंख्याखाली वाळवा, भिंग कोरड्या मऊ फडक्यानेच पुसा, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा घट्ट बंद करा.

हेडसेट काढल्याबरोबर, चहा ठेवायच्या आधी, ठरलेली मापे आमच्या ग्रुपवर टाकते. दादांना लिहिलेले वाचायचा कंटाळा, त्यांच्यासाठी तेच बोलून पाठवते.