पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवायची तर

उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं काम. गेट, ग्रिल, जिने करतो. अलीकडं लोक घर थंड राहावं म्हणून वेलींसाठी जाळ्याही मागतात. बहुतेक जण दक्षिणेची भिंत दाखवतात. पण कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मग उत्तरेकडं सरकतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. तापते ती पश्चिमेची. दुपारी दोनपासून ऊन खाते आणि नेमकी झोपायच्या वेळेला धग खोलीत सोडते. जाळी तिथं लावा.

वेल भिंतीला चिकटू द्यायची नाही. जाळी आणि गिलाव्यात पाच-सहा इंच फट ठेवा. पानं ऊन अडवतात, पानांतून पाण्याची वाफ होताना भोवतीची उष्णता ओढली जाते आणि फटीतली गरम हवा वरनं निघून जाते. आपल्याकडच्या पावसात भिंत वाळते तीही या फटीमुळंच. शिवाय पुढं रंग द्यायला हात तर शिरला पाहिजे!

पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथं झिंक प्रायमर मारून घ्या. जाळी धरणारा अँकर बोल्ट कॉलम-बीममध्येच बसवा, पोकळ ब्लॉकात तो धरत नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा, म्हणजे पाणी आत मुरत नाही. वरनं सिलिकॉन भरा. मजबुतीत कंजुषी नको, कारण वाढलेली मधुमालती वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते.

तरीही मी मधुमालतीच सांगतो. ऊन सोसते, पाला दाट. मृगात लावा, कुंडीत नाही, जमिनीत, भिंतीच्या पायापासून दीड-दोन फूट सोडून. पहिल्या उन्हाळ्यात ती जाळी झाकेलच असं नाही, म्हणून जानेवारीत त्याच जाळीवर दोडका सोडा. भाजीही होते. खिडकीपुढचा पाला छाटत राहा, नाहीतर वारा अडतो. बोगनवेल दिसते छान, पण छाटणाऱ्याचे हात बघा एकदा. भिंतीत वड-पिंपळाचं रोप दिसलं तर लहान आहे तोवर मुळासकट काढा.

आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर मुख्य उष्णता स्लॅबमधून येते. तिथं वेल काही करू शकत नाही. आधी गच्चीला पांढरा रंग मारा, जाळीचं माप मग घेऊ.