व्होल्टेज, करंट आणि वॅटची आकडेमोड: या चुका टाळा

सूत्रं दोनच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, गुणलं की शक्ती, म्हणजे वॅट. शाळेपासून पाठ असतात, तरी उत्तर चुकतं. बहुतेक वेळा कारण एकच: व्होल्टेज एका भागाचं घेतलेलं असतं आणि करंट किंवा रोध दुसऱ्याच भागाचा.

१२ व्होल्टवर एक लाल एलईडी लावायचा आहे, करंट २० मिलिअँपिअर. कोणता रेझिस्टर? पुष्कळजण १२ ला ०.०२ ने भागून ६०० ओहम काढतात. पण सुमारे २ व्होल्ट एलईडीच घेतो, रेझिस्टरच्या वाट्याला उरतात १०. म्हणजे ५०० ओहम. याहून महागात पडणारी चूक म्हणजे मिलिअँपिअरचे अँपिअर न करणं. १० भागिले २० केलं, अर्धा ओहम आला, तो लावला, की एलईडी गेलाच. शिवाय त्या रेझिस्टरमध्ये ०.२ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा चालतो पण चांगलाच तापतो. मी अर्ध्या वॅटचाच लावतो.

जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मल्टिमीटरने मोजा. साधारण ४० ओहम दिसतील. त्यावरून २३० व्होल्टवरची शक्ती काढली तर १३०० वॅटच्या वर जाते! मीटर बिघडलेला नाही. तार थंड आहे. पेटल्यावर ती पांढरीशुभ्र तापते आणि रोध ५२९ ओहमपर्यंत चढतो. (रोध मोजताना वस्तू सप्लायपासून पूर्ण सोडवलेली हवी, हे विसरू नका.)

मोटर, पंखा, पंप यांना ही सूत्रं जशीच्या तशी लावू नका. तिथे व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, म्हणून वॅट काढताना पॉवर फॅक्टर या एकपेक्षा कमी आकड्यानेही गुणावं लागतं.

आता गिझर. २००० वॅट, २३० व्होल्ट, म्हणजे करंट ८.७ अँपिअर आणि रोध साधारण २६.५ ओहम. गावाकडे व्होल्टेज १८० वर आलं तर शक्ती किती? त्याच प्रमाणात कमी करून १५६५ सांगितली जाते. पण करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध; व्होल्टेज पडलं की तोही पडतो, म्हणून १८० चा वर्ग करून रोधाने भागायचं. उत्तर जेमतेम १२२५ वॅट. पंधरा मिनिटांत तापणाऱ्या पाण्याला पंचवीसएक मिनिटं लागतात ती यामुळे.

याच गिझरची पिन काळी पडते, तेव्हा हिशोब नीट करणं फार गरजेचं असतं. सैल सॉकेटमध्ये अर्धा ओहम रोध तयार झाला असं धरा. २३० चा वर्ग भागिले अर्धा केलं तर लाखभर वॅट येतात, आणि ते अशक्य म्हणून माणूस विषय सोडून देतो. पण त्या सांध्यावर २३० व्होल्ट नसतातच, जेमतेम सव्वाचार असतात. त्यातून वाहणारा करंट मात्र गिझरचाच, साधारण साडेआठ अँपिअर. म्हणून करंटचा वर्ग गुणिले रोध: सुमारे ३६ वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता, तीही पिनेच्या टोकाएवढ्या जागेत. प्लास्टिक वितळणारच. नुसती पिन बदलू नका. सॉकेटच्या पात्याही ढिल्या झालेल्या असतात. मेन स्विच बंद करून दोन्ही एकदम बदला, आणि सॉकेट १६ अँपिअरचंच घ्या.