ल्यूथरन मंडळीत दान वाढत नाही? या चुका टाळा

ल्यूथरन मंडळ्यांचा उगमच मुळी पैशावरच्या वादातून झाला. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारी क्षमापत्रं चर्चमध्ये विकली जात. त्याविरुद्ध १५१७ च्या ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने जे ९५ मुद्दे मांडले, त्यांतला सत्ताविसावा सांगतो की पेटीत नाणं खणखणताच शुद्धिस्थानातला (मेल्यावर पापं भोगून शुद्ध व्हायच्या जागेतला) आत्मा सुटतो, ही शिकवण निव्वळ माणसांची आहे. अठ्ठाविसावा म्हणतो, नाणं खणखणल्यावर वाढू शकतो तो लोभ.

असा वारसा पाठीशी असल्यावर पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, पैशाचा विषय काढताना पाळकसाहेबांची जीभ अडखळणारच. मग दोन प्रकार दिसतात. काही जण वर्षभर अवाक्षर काढत नाहीत आणि मार्चमध्ये एकदम तुटीचा आकडा वाचून दाखवतात. काही जण यूट्यूबवरच्या उपदेशकांची भाषा उसनी घेतात. कमिटीच्या बैठकीत मात्र दोन्हीकडे एकच वाक्य कानावर येतं: "लोक देतच नाहीत हो." लोक देतात. लग्नात देतात, हॉस्पिटलच्या बिलाला देतात, शेजारच्या प्रार्थनासभेतही देऊन येतात. आपल्याच पेटीत का टाकत नाहीत, हे आधी बघायला हवं.

आशीर्वादाचा सौदा करू नका

"हजार द्या, देव दहा हजार देईल." बायबलात मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन (दशमांश आणा, मग मी आशीर्वादांचा वर्षाव करतो की नाही ते पाहा) घ्यायचं आणि त्याची गुंतवणूक योजना करून टाकायची, हा आता सर्रास प्रकार झालाय. बाकी कोणी काय शिकवावं हा त्यांचा प्रश्न. पण ल्यूथरन पुलपिटावरून हे बोलणं म्हणजे ज्याच्याविरुद्ध ते ९५ मुद्दे लिहिले गेले, तेच मागच्या दाराने आत घेणं.

दानाबद्दल बोलायची आपली जागा वेगळी आहे आणि दृढीकरणाच्या वर्गात (मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद करण्याआधीच्या शिकवणीत) ती प्रत्येकाने पाठ केलेली असते. १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरी या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत ल्यूथर विश्वासांगीकाराच्या पहिल्या कलमाचा अर्थ सांगतो: कपडे, जोडे, अन्नपाणी, घरदार, बायकामुलं, शेत, गुरंढोरं, सगळं देवाने माझी काही लायकी नसताना दिलं, म्हणून त्याचे आभार मानणं आणि त्याची सेवा करणं मला भाग आहे. देवाचं देणं आधी, आपलं अर्पण मागून. कारभारीपणावरचा (देवाने दिलेलं जबाबदारीने वापरण्यावरचा) उपदेश इथून सुरू केला तर लालूच लागत नाही आणि भीतीही लागत नाही.

दशमांशाचंही, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देण्याचंही, तसंच. माप म्हणून तो उपयोगी आहे, कायदा म्हणून नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या, वर सावकाराचं कर्ज असलेल्या माणसाला दहा टक्क्यांचा धाक घालणाऱ्यांनी शेहेचाळिसावा मुद्दा उघडून बघावा. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त नाही त्याने घरखर्चापुरतं राखून ठेवावं, क्षमापत्रांवर उधळू नये, असं ल्यूथर तिथे स्पष्ट सांगतो. याउलट पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल जी रीत सांगतो ती कोणालाही झेपते: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या कमाईच्या मानाने, बाजूला काढून ठेवणं. आज दोन टक्के देणाऱ्याला पुढच्या वर्षी तीनवर यायला सांगा. तो येतो. दहाचा आकडा ऐकला की नोट काढायला गेलेला हात खिशातच अडतो.

हिशेब झाकून ठेवू नका

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. इतर चुकांनी दान कमी होतं, हिने माणसं जातात.

सॅक्सनीत लायस्निग नावाचं गाव आहे. तिथल्या मंडळीने १५२३ मध्ये एक सामाईक पेटी ठरवली आणि तिच्या नियमावलीला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. पेटीवर चार वेगवेगळी कुलुपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक शहरातल्या नागरिकांकडे आणि एक आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. व्यवस्था पाहायला दहा जण, दर रविवारी बैठक, आणि वर्षातून तीनदा सगळ्या मंडळीपुढे हिशेब. पाळकाचा पगार, शाळा, म्हातारे, अनाथ, सगळं त्यातूनच. पुढे नगरसभेने जुन्या देणग्या पेटीत द्यायला टाळाटाळ केली आणि योजना रखडली, तो भाग वेगळा. पण चार किल्ल्यांमागचं डोकं आजही चालतं.

आता आपल्याकडचा रविवार बघा. उपासना संपली, थैल्या मागच्या खोलीत गेल्या, खजिनदार एकटेच मोजायला बसले. माणूस देवमाणूस असेल, पण उद्या शंभर रुपयांचा फरक निघाला तर त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नाही. एका घरातले नसलेले दोघे जण टेबलाशी बसवा. पाचशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती, अशी नोटावार चिठ्ठी तिथेच भरा, दोघांच्या सह्या घ्या. पैसे सोमवारी बँकेत. चिठ्ठी आणि बँकेची स्लिप एकत्र टाचून ठेवा. मोजणारे वेगळे, वहीत लिहिणारा वेगळा. हे अविश्वासातून येत नाही. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत मंडळीतले भाऊबंद पाठवले; दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ते लिहिलेलंच आहे.

क्यूआर कोडने नवी भानगड आणली आहे. दाराजवळ सुंदर लॅमिनेट केलेला कोड चिकटवलेला असतो आणि स्कॅन केल्यावर नाव येतं खजिनदारांच्या सुनेचं. खातं मंडळीच्या नावावर हवं, काढायला दोन सह्या हव्यात. खातं उघडेपर्यंत कोड लावूच नका, चार रविवार थांबलं तर काही बिघडत नाही.

आणि वार्षिक सभेत एकदाच ताळेबंद वाटून मोकळं होऊ नका. दर तिमाहीला एक पान, दाराबाहेरच्या फलकावर. जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती.

फक्त तूट दाखवू नका

"छत गळतंय, वीजबिल थकलंय, पाळकांचा दोन महिन्यांचा पगार बाकी आहे." तीन वर्षं हेच ऐकलेला माणूस ठरवतो की इथे पैसा टाकला की तो भोकातच जाणार. अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळ्यांत एक चांगली पद्धत आहे, ती उचलण्यासारखी आहे. खर्चाच्या ओळी मोडून कामांच्या ओळी करायच्या. समजा, पाळकांचा पगार महिना वीस हजार. त्यांचा चौथा हिस्सा वेळ आजाऱ्यांच्या भेटीत जात असेल तर पाच हजार "आजाऱ्यांची भेट" या कामाखाली. तसंच संडे स्कूल, तसाच अंत्यविधी. त्याच रकमा, पण वाचणाऱ्याला आपल्या आईच्या उशाशी बसलेले पाळक दिसतात.

तिथली दुसरी पद्धत म्हणजे शरद ऋतूत संकल्पपत्रं (पुढच्या वर्षी किती देणार ते लिहून द्यायची पत्रं) भरून घेणं आणि त्यावर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बेतणं. आपल्याकडे पत्रं छापली जातात, गोळा होतात आणि कपाटात जातात. वर्षभर त्याबद्दल कोणी बोलत नाही. अर्ध्या वर्षाला प्रत्येकाला बंद पाकिटात "इतकं ठरवलं होतं, इतकं आलं, आभार" एवढं कळवणार नसाल तर पत्रं छापायचा खर्च वाचवा.

नावं पुकारू नका

कापणीच्या सणाचा लिलाव ही आपल्या मंडळ्यांतली मोठी गंमत आहे, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. भोपळ्यावर बोली चढत चढत आठशेवर जाते, कोंबडी टेबलावरून उडी मारते, पोरं तिच्यामागे धावतात, आणि भोपळा विकत घेणारा तो परत टेबलावर ठेवतो म्हणून पुन्हा बोली. हसतखेळत पैसा उभा राहतो. बिघडतं ते पुढच्या रविवारी. तेव्हा सगळ्यांच्या रकमा मोठ्यापासून लहानापर्यंत वाचल्या जातात, किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी पडते. यादीत शेवटी असलेली बाई पुढच्या वर्षी येत नाही. मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, येशूने पाहिल्या. त्याने तिला पुढे बोलावलं नाही, शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं. एकूण रक्कम जाहीर करा, नावं वहीत राहू द्या.

लहान दानाला मात्र जागा हवी. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. बुहफाइ थाम म्हणतात त्याला, आणि त्यातून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. अमेरिकेत मिझूरी सिनॉड या ल्यूथरन संस्थेच्या महिला संघाने १९४२ पासून घराघरांत चिल्लर टाकायच्या छोट्या पेट्या चालवल्या, हेतू तोच.

बाहेरच्या पैशाची वाट बघू नका

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना छोटा नागपुरातून (आजच्या झारखंडातून) हलवलं. चालवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनीच उभ्या केलेल्या रांचीच्या गोस्नर या ल्यूथरन मंडळीने १० जुलै १९१९ ला स्वतःला स्वायत्त जाहीर केलं. गरीब आदिवासी शेतकऱ्यांची मंडळी होती ती. छिंदवाडा-बैतूलकडच्या, स्वीडिश मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्यांनाही, जिथे सौंसर-पांढुर्ण्याला आजही घरात मराठी बोलली जाते, हा इतिहास ऐकवायला हवा.

आता तर कायद्यानेच दार अरुंद केलंय. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यावी लागते, एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. जर्मनीतून आलेली पुस्तिका वाचून योजनाही आखू नका. तिथे प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च कर बहुतेक ठिकाणी सरकारी खातंच वसूल करून देतं.

करावरून आठवलं. "८०जी मध्ये सूट मिळेल", म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असं सांगून देणगी मागू नका. निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला ती नोंदणी सहसा मिळत नाही. आधी सीएला विचारा.

एवढं करूनही दान घसरलं तर

वही उघडा आणि आधी हे बघा की देणारी घरं कमी झाली की रक्कम कमी झाली. रक्कम घटली आणि घरं तेवढीच असतील तर त्या वर्षी पीक बुडालं असेल, कारखाना बंद पडला असेल. पाळकांनी भेटीला जावं, पैशाचा विषय काढू नये. घरं घटली असतील तर ती कोणती ते पाहा. पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेलेली मुलं असतील तर त्यांना मंडळीच्या खात्याचा तपशील आणि ते तिमाहीचं पान पाठवा, बरेच जण दरमहा ठरावीक रक्कम लावून टाकतात. आणि एकाच गल्लीतली, एकाच नात्यातली चार-पाच घरं एकदम थांबली असतील, तर कुठेतरी भांडण झालंय. ते मिटेपर्यंत त्यांच्या दारात संकल्पपत्र घेऊन जाऊ नका.