चार पेपर शेजारी ठेवून बघा

सोलापुरात नवी पेठेजवळ माझा पेपरचा स्टॉल आहे. पहाटे साडेचारला गठ्ठे येतात. पुरवण्या भरता भरता सगळ्या पेपरांची पहिली पानं माझ्या हाताखालून जातात. गिऱ्हाईक विचारतं, "काकू, यातला खरा कुठला?" मी एका पेपरचं नाव कधीच सांगत नाही. बातमी कशी बघायची ते सांगते.

उजनी धरणाचंच घ्या, आपल्या सोलापूरकरांचा जीव तिथंच अडकलेला. एका ऑगस्टमध्ये एका पेपरचा मथळा होता, 'उजनीत ८० टीएमसी पाणी' (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). दुसऱ्याचा, 'उजनी जेमतेम ३० टक्के'. एक आजोबा चिडून म्हणाले, यातला एक तर खोटा! मी दोन्ही पेपर पसरले आणि पेन्सिलीनं गठ्ठ्याच्या कागदावर मांडून दाखवलं. उजनीचा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, ६३.६६ टीएमसी, त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. त्याचे ३० टक्के म्हणजे १६ टीएमसी. त्यात मृतसाठा मिळवला की झाले ८०. दोन्ही आकडे खरे! पण एका पेपरनं आत दोन्ही साठे वेगळे दिले होते, आकडा पाटबंधारे खात्याचा, सकाळी सहाचा, हेही छापलं होतं. दुसऱ्यानं नुसता मथळा ठोकला होता. त्या बातमीपुरता माझा भरवसा पहिल्यावर. म्हणून आकडा दिसला की तो कशाचा, कधीचा आणि कुणी दिलेला, हे आधी शोधा.

"तीन पेपरांत आलंय, म्हणजे खरंच असणार," असं लोक म्हणतात. फसगत होते ती इथंच. वाक्यं जुळवून बघा. एका कार्यक्रमाच्या बातमीत 'हस्ते'चं 'हास्ते' झालेलं, आणि ते तिन्ही पेपरांत तसंच! म्हणजे संयोजकांचं पत्रक जसंच्या तसं उतरवलेलं. साक्षीदार तीन नव्हेत, एकच. खाली 'पीटीआय' किंवा 'वृत्तसंस्था' असेल तेव्हाही हेच, एकाच वृत्तसंस्थेची बातमी सगळ्यांनी घेतलेली असते. वार्ताहर स्वतः जागेवर गेला, ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही विचारलं, असं बातमीत दिसलं तर ती दुसरी साक्ष धरा.

मग मालक बघा. पेपरात अगदी बारीक टायपात प्रिंटलाइन असते, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं तिथं मिळतात. १८६७ च्या वृत्तपत्र नोंदणीच्या कायद्याखाली दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागे. त्यात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावं असत. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आलाय, पण हिराचंद नेमचंद वाचनालयात मार्चचे जुने अंक मिळतात का विचारून बघा. मालक राजकारणात किंवा बांधकामात असला म्हणून पेपर लगेच टाकाऊ ठरत नाही. फक्त त्या धंद्याची बातमी आली की दुसरा पेपर उघडायचा.

पेपर किती स्वतंत्र आहे हे एका दिवसात कळत नाही, त्याला महिना द्या. पानभर जाहिरात कोण देतंय ते लक्षात ठेवा, आणि त्याच माणसाविरुद्ध लोक मोर्चा घेऊन गेले तर बातमी कुठल्या पानावर येते ते बघा. येते तरी का? निवडणुकीत एकाच उमेदवाराचं रोज कौतुक छापून येत असेल आणि खाली 'जाहिरात' हा शब्द नसेल, तर ती पैसे देऊन छापलेली बातमी असू शकते. फार वाईट वाटतं मला त्याचं, कारण तो पेपर मीच कुणाच्या तरी दारात टाकलेला असतो. उलट काल चुकलं ते आज ठळकपणे 'दुरुस्ती' म्हणून छापणाऱ्या पेपरला मी मान देते.

मोबाईलवर धरणाच्या दरवाजांचा व्हिडिओ आला तर तारीख मागा. तारीख नसेल तर पुढं पाठवू नका.

हे सगळं शेजारी ठेवून बघायचं असेल तर सहाच्या आत स्टॉलवर या. नंतर घरोघरी पेपर टाकणारी लाइनची पोरं सायकली घेऊन निघतात आणि गठ्ठे फुटतात.