यलो फीव्हरची लस : तिकिटाआधी सुईची तारीख घ्या

"दहा दिवस आधी टोचून घ्या, झालं!" असं सांगणाऱ्यानं नागपुरात राहून यलो फीव्हरची (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची) लस कधी घेतलेली नसते. दहा दिवस खरे, पण ते सुई टोचल्यानंतरचे. ती कधी टोचली जाईल, हे लसीकरण केंद्र ठरवतं.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए या लसी धंतोली-रामदासपेठेत सहज मिळतात. निघायच्या दोन आठवडे आधी घेऊन टाका.

केनिया, युगांडा, नायजेरियाला जायचं तर यलो फीव्हर आली. ती फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, आपल्या फॅमिली डॉक्टरचा शिक्का चालत नाही. एका कुपीत बरेचदा पाच किंवा दहा डोस असतात आणि सोबतच्या द्रावणात मिसळली की ती सहा तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. एकट्यादुकट्यासाठी कुपी कोण फोडणार? म्हणून नाव नोंदवून ठरलेल्या दिवशी माणसं गोळा करतात. पहिल्या खेपेला मी तिकीट काढून मग फोन केला. आधी "या आठवड्याची यादी भरली", मग "साठाच आला नाही". शेवटी विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबईला गेलो आणि तिथे लस टोचून घेतली. लसीपेक्षा प्रवासच महाग पडला.

तेव्हापासून सहा आठवडे आधी फोन करतो आणि वार, साठा, फी तिन्ही विचारतो. नुसतं "मिळते का?" विचाराल तर "हो" एवढंच उत्तर येतं, आणि ते काही कामाचं नाही.

मोजणीत घोळ करू नका. लस 1 तारखेला घेतली तर ती घेतल्याचं कार्ड (प्रमाणपत्र) 11 तारखेपासून चालतं. परत येताना भारतातही तेच कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात.

दुसरा सापळा एमएमआरचा, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा. ती आणि यलो फीव्हरची, दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी, त्यामुळे मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. मुलांना घेऊन जाणारे हमखास इथे अडकतात. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीपुढचं वय, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यातलं काही असेल तर फोनवरच सांगा, रांगेत नाही.

मूळ पासपोर्ट न्या. कार्डावरचं नाव, नंबर आणि शिक्का काउंटर सोडण्याआधी तपासा.

आणि घरात जुनं कार्ड असेल तर आधी ते शोधा. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे.