पेटंटच्या अर्जाआधी व्हिडिओ टाकताय? या चुका टाळा

कांद्याची रोपं उभ्यानेच लावता येतील असं हातयंत्र कुणीतरी घरच्या घरी जोडतं. पहिलं रोप सरळ उभं राहिलं की मोबाईलवर शूटिंग होतं आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ यूट्यूबवर जातो. पेटंट इथेच हातचं जातं. यंत्र नवं आहे की नाही हे अर्जाच्या तारखेला पाहतात, आणि त्याआधी तुम्हीच जगाला दाखवलेलं यंत्र तुमच्याच अर्जाच्या आड येतं. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल तर १२ महिन्यांची सवलत मिळते. गावच्या कृषी मेळाव्याला ती आहे असं गृहीत धरू नका. म्हणून आधी अर्ज, मग व्हिडिओ.

फॅब्रिकेशनवाल्याकडे ड्रॉइंग द्यायचं असेल तर गोपनीयतेच्या करारावर आधी त्याची सही घ्या. ओळखीतला असला तरी घ्या. पुढे वाद झाला तर कागदच कामी येतो. स्वतःच्याच पत्त्यावर सीलबंद पाकीट पाठवून ठेवल्याने मात्र कसलाही हक्क मिळत नाही.

दुसरी मोठी गफलत म्हणजे नुसत्या कल्पनेवर पेटंट मागणं. पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ३ एकदा नीट वाचाच. शेतीची पद्धत त्यात वगळलेली आहे. म्हणजे ‘रोपं अमुक अंतरावर अशी लावायची’ यावर पेटंट मिळणार नाही, लावणाऱ्या यंत्राच्या रचनेवर मिळू शकतं. ओळखीची दोन अवजारं नुसती शेजारी जोडली आणि दोन्ही आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तेही चालत नाही. तसंच यंत्र आधी कुणी नोंदवलंय का, हे पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या ऑनलाइन शोधयंत्रणेवर फुकट शोधता येतं. अर्ज भरण्याआधी ते शोधा.

सगळ्यात जास्त नुकसान घाईत लिहिलेल्या प्रोव्हिजनल, म्हणजे सुरुवातीच्या तात्पुरत्या अर्जाने होतं. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी १,६०० रुपये, फॉर्म १ आणि फॉर्म २, एवढ्यात अर्जाची तारीख मिळते. स्वस्त आहे म्हणून लोक ‘रोप लावण्याचं सुधारित यंत्र’ असं अर्ध्या पानात उरकतात. पण ती तारीख फक्त त्यात लिहिलेल्या गोष्टींनाच लागू होते. चिमट्याचं तोंड किती मिलिमीटर उघडतं, स्प्रिंग कुठे बसते, पायाने दाबायचा दांडा कोणत्या बिजागरीवर फिरतो, रोप सुटतं तो क्षण नेमका कशाने ठरतो, हे सगळं आकृतीसह लिहा. प्रत्येक भागाला क्रमांक द्या आणि मजकुरात तोच क्रमांक वापरा. स्प्रिंगऐवजी रबर चालत असेल तर तेही नोंदवा, नाहीतर कुणी रबर लावून तेच यंत्र विकेल आणि तुमच्या कागदात त्याला अडवणारं काहीच नसेल.

प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे यंत्राचं पूर्ण वर्णन द्यावं लागतं. ते दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागताय ती वाक्यं, त्यातच येतात, आणि ते लिहायला पेटंट एजंटला पैसे द्यावे लागले तरी द्या. हक्काची हद्द क्लेमच ठरवतात.

अर्ज भरला की तपासणी आपोआप होईल असं समजू नका. त्यासाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो आणि एकट्या व्यक्तीला त्याची ऑनलाइन फी ४,००० रुपये आहे. २०२४ च्या नियमबदलानंतरच्या अर्जांना हा फॉर्म भरायची मुदत ४८ ऐवजी ३१ महिन्यांची आहे, आणि ती पहिल्या, म्हणजे प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजतात. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असंच धरलं जातं.