कार्यक्रम शोधण्याचं ॲप नव्याने कसं मांडावं? सुरुवात ‘चल, जाऊया का?’पासून

एका रविवारी सकाळी आत्या संध्याकाळचं नाटक ठरवायला बसली. फोनवर आमच्याच टीमने केलेलं ॲप उघडलं होतं, म्हणून मी शेजारी बसून नुसता बघत राहिलो. वर सरकती जाहिरात, खाली ‘लोकप्रिय’, त्याखाली ‘तुमच्यासाठी खास’. तिला हवं ते नाटक सापडलं, पण प्रयोगाची वेळ तिसऱ्या स्क्रीनवर. तिने स्क्रीनशॉट काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच प्रश्न आले: “सुटणार किती वाजता?” “गाडी कुठे लावायची?” “बाबांना जिने चढावे लागतील का?” एकाचंही उत्तर ॲपमध्ये नव्हतं. दुपारपर्यंत चर्चा थंडावली आणि नाटक राहून गेलं.

लोकांना कार्यक्रम सापडतात. अडतं ते चौघांचं ठरताना. ॲपची पुनर्रचना करायची तर ती या ग्रुपवरच्या प्रश्नांपासून करावी, असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं.

आधी शेजारी बसा

पाच-सहा जणांना एक काम द्या: “येत्या शनिवारी घरच्यांसोबत कुठेतरी जायचंय, ठरवून दाखवा.” मदत करू नका, आपलं ॲप समजावून सांगू नका. पाच जणांच्या चाचणीतच बहुतेक अडचणी बाहेर येतात, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं. मात्र वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील, उदाहरणार्थ कॉलेजची मुलं आणि साठीपुढचे नाट्यरसिक, तर प्रत्येक गटातले तीन-चार जण घ्या.

वहीत एकच गोष्ट काटेकोरपणे टिपा: माणूस ॲपमधून बाहेर कधी पडला? नकाशा बघायला, व्हॉट्सॲपवर विचारायला, नाट्यगृहात फोन लावायला. बाहेर पडण्याची प्रत्येक जागा म्हणजे आपल्याकडे नसलेली एक माहिती. ही यादी हाच पुढच्या कामाचा आराखडा.

स्क्रीनच्या आधी माहितीचा साचा

इथे घाई करू नका. बहुतेक पुनर्रचना रंग आणि चिन्हं बदलून थांबतात, आणि मूळ दुखणं माहितीच्या रचनेत तसंच राहतं.

आपल्याकडे नाटक एक आणि प्रयोग अनेक. तेच नाटक शुक्रवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला, शनिवारी पार्ल्याच्या दीनानाथला, रविवारी पुण्यात बालगंधर्वला. ॲपने हे तीन वेगळे कार्यक्रम मानले, की शोधात एकच पोस्टर तीनदा येतं. याच्या उलट टोकाला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. १९५३ पासून चालत आलेला, अनेक दिवसांचा, एकेका सत्रात अनेक कलाकार. कुणी सगळे दिवस बसतं, कुणी एकाच गायिकेसाठी येतं. दोन्ही नीट बसवायचं तर कार्यक्रम, त्याचे प्रयोग किंवा सत्रं, कलाकार आणि जागा अशा चार स्वतंत्र नोंदी ठेवा आणि त्या एकमेकींना जोडा. मग ‘या कलाकाराचं पुढचं गाणं कधी?’ हा प्रश्नही आपोआप सुटतो.

प्रत्येक प्रयोगाला संपण्याची वेळ सक्तीची करा. आयोजक म्हणतील, नक्की सांगता येत नाही. अंदाज तरी मागा, मध्यंतर धरून. जागेच्या नोंदीत लिफ्ट, उतार, पार्किंग आणि जवळचं स्टेशन एकदाच भरा. त्या जागेवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते लागू होतं. बालगंधर्व रंगमंदिरासाठी ‘छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्टेशनपासून चालत’ एवढी ओळ पुरते.

वेळेचं एक जास्तीचं काम आहे. दिवाळी पहाट साडेपाचला सुरू होते. शुक्रवारी रात्री साडेबाराला ॲप उघडणाऱ्याच्या मनात अजून शुक्रवारच असतो. फोनच्या दृष्टीने शनिवार लागलेला. अशा वेळी नुसतं ‘आज ५.३०’ लिहिलं तर माणूस हमखास गोंधळतो. ‘शनिवारी पहाटे ५.३०’ असं लिहा. ‘आज’, ‘उद्या’ लिहायचंच असेल तर सोबत वार हवाच.

पहिला स्क्रीन कागदावर काढा

संगणक नको, पेन्सिल घ्या. वर ‘आज, उद्या, शनिवार-रविवार’, त्याशेजारी परिसर, आणि लगेच कार्यक्रम. सरकत्या जाहिरातीला पहिली जागा देऊ नका. प्रत्येक कार्डावर नाव, वार आणि सुरू होण्या-संपण्याची वेळ, जागा, आणि तिकीट कितीपासून हे चारच तपशील. मोठं पोस्टर आतल्या पानावर शोभतं. कागदाचे हे तुकडे पुन्हा दोन-तीन जणांपुढे ठेवा आणि बोटाने ‘दाबायला’ सांगा. इथे झालेली चूक खोडरबराने दुरुस्त होते.

शोध मराठीत चालतोय का, ते तपासा

कोथरूड आणि कोथरुड, नाटक आणि रोमन लिपीत टाइप केलेलं नाटक, या सगळ्यांचे निकाल एकच यायला हवेत. ‘वऱ्हाडी’ हा शब्द तर नक्की टाकून बघा. त्यातला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीच्या, वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात: कुणी ऱ वापरतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. शोधण्याआधी हे सगळं एका रूपात आणायला टीमला सांगा. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर एका रूपात आणण्याची ठरलेली पद्धत, दुसऱ्या प्रकाराला पुरत नाही, तो नियम वेगळा लिहावा लागतो.

आता ठरवण्याची सोय

‘शेअर’ दाबल्यावर नुसती लिंक जाऊ देऊ नका. ग्रुपमध्ये दिसणाऱ्या मजकुरातच वार, वेळ, सुटण्याची वेळ आणि जागा यावी, म्हणजे ‘कधी, कुठे, सुटणार किती वाजता’ हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. त्यापुढे जायचं तर दोन-तीन पर्याय एकत्र पाठवता यावेत आणि घरच्यांना ‘मला हे चालेल’ एवढं दाबता यावं. हे पान ब्राउझरमध्ये, ॲप न घेता आणि खातं न काढता उघडलं पाहिजे. काकांना आधी ॲप उतरवायला सांगितलं की काका उत्तरच देत नाहीत.

ठरलं की कॅलेंडरची नोंद द्या. त्यासाठी आयकॅलेंडर हे जुनं, सर्वत्र चालणारं स्वरूप आहे. प्रयोगाची वेळ बदलली तर नवी नोंद न पाठवता त्याच ओळखक्रमांकाने सुधारित नोंद पाठवा, नाहीतर कॅलेंडरमध्ये दोन दिसण्याचा धोका असतो. तरीही फाइल उघडून एकदाच घेतलेली नोंद आपोआप बदलत नाही. बदल आणि रद्द प्रयोग यांची सूचना वेगळी गेलीच पाहिजे. नोटिफिकेशनचा हक्काचा उपयोग हाच. त्यात जाहिराती मिसळल्या, की लोक सूचना बंद करतात आणि नेमका रद्द झालेल्या प्रयोगाचा निरोप चुकतो.

तिकीट फोनमध्ये साठवलेलं असू द्या. दाराशी रांगेत नेटवर्क गेलं तरी ते उघडायला हवं.

अक्षरं आणि बोटं

दाबायच्या जागा अँड्रॉइडवर निदान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरचं माप मोजायची एककं). मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण ४.५ : १ च्या खाली नको. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरीच्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. ‘कीर्तन’ आणि ‘मूर्ती’ हे शब्द फोनचा फॉन्ट सर्वांत मोठा करून बघा.

बदल सोडताना

नवी रचना आधी थोड्यांनाच द्या. ॲपवर किती वेळ घालवला हे मोजू नका, तो वेळ कमीच व्हायला हवा. उघडल्यापासून शेअर किंवा तिकिटापर्यंत किती वेळ गेला ते बघा, आणि सुरुवातीचंच काम घेऊन पुन्हा पाच जणांच्या शेजारी बसा. आत्याला मी कागदी कार्डं दाखवली तेव्हा तिने वेळ वाचली, जागा वाचली आणि विचारलं, “लिफ्ट बाल्कनीपर्यंत जाते का?” आमच्या नोंदीत लिफ्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच होतं. आता ‘कोणत्या मजल्यापर्यंत’ हा रकाना त्यात आहे.